मेओच्या घरचं काळं

दियानोरा भलत्याच जागी हसायची. चर्चमध्ये पाद्री नरकातल्या उकळत्या कढयांचं वर्णन रंगात येऊन करू लागला, की हिचे खांदे हलायला लागायचे, आणि शेजारी बसलेली तिची सासू लापा तिच्या बरगडीत कोपर खुपसायची. हसायला काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणायची, "एवढं सरपण आणतात कुठून, सासूबाई?" पिस्तोया नगरात तेव्हा सरपणाची अशी टंचाई होती, की लापाही मग घरच्या काटक्या आठवून मोजायला लागायची.

नवरा मेओ कमरपट्टे करायचा. कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत खाली दुकान, वर खोल्या, आणि मधल्या भिंतीपलीकडे थोरला भाऊ नूतो. पट्टा नीट बसतो की नाही हे मेओ बायकोच्या कमरेला लावून बघायचा. गिऱ्हाईक पिंपासारखं असलं तरी तिच्याच कमरेला. "याला कमी पडेल," असं ती म्हणाली की म्हणायचा, "मला पुरतो तेवढा." असल्या बोलण्यावर ज्यांचा संसार चालतो त्यातलाच तो एक संसार. एक मुलगी झाली होती, चेका. अजून धड चालत नव्हती, पण सगळ्यांच्या पायात यायची.

लग्नात मेओने बायकोच्या अंगावर हिरव्या लोकरीचा झगा घातला होता. घातला होता, दिला नव्हता. नवऱ्याने लग्नात घातलेलं कापड नवऱ्याच्या घरचंच राहतं. बाई मेली किंवा घर सोडून गेली, की ते पेटीत परत जातं आणि घरातल्या पुढच्या नवरीच्या अंगावर चढतं. नूतोची बायको तेल्दा त्या झग्याकडे बघायची ती आपल्या मुलीचे खांदे मनातल्या मनात मोजत. द्राक्षं उतरली की तिच्या मुलीचं लग्न होतं. "दियानोरा, बाहीला तेल लावू नकोस गं," असं ती अगदी मायेने सांगायची.

मार्च महिन्यात मेओच्या तळहातात आरी घुसली. असं दर आठवड्याला व्हायचं. तो हात झटकायचा, जखम चोखायचा आणि पुढच्या भोकाला लागायचा. या वेळी हात सुजला, मग कोपर, मग काख, आणि एका पहाटे ताप उतरला म्हणून दियानोराने हात लावून बघितलं, तर सगळाच उतरला होता.

ती या खेपेला हसली नाही. रडलीही नाही. तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे जिना उतरून नूतोचं दार ठोकलं.

"भाऊजी, माझ्यासाठी काळं कापड आणा. आत्ता आणा."

नूतो झोपेतून उठलेला. भाऊ गेला हे कळून त्याचे डोळे नुकते कुठे भरायला लागले होते. "अगं, मेओला अजून धुतला नाही," तो म्हणाला, "आणि तुला कापड सुचतंय?"

तिला कापडच सुचत होतं आणि त्याला कारण होतं. पिस्तोयातली रीत साधी होती. मयताच्या घरात नवं काळं घालायची मुभा नगराने फक्त विधवेला ठेवली होती. बाकीच्यांनी असेल ते घालायचं. ते काळं नवऱ्याच्या घरचं असलं तर बाई त्या घरची राहिली. माहेरचं असलं, तर पुरून आल्यावर माहेरची माणसं दारात यायची, तिला मधे घालून गल्लीतून घेऊन जायची, मागोमाग हुंडा परत मागायची आणि वर्षाच्या आत दुसरीकडे लग्न लावायची. मुलं मागे राहायची. मुलं बापाच्या घरची.

हे दियानोराला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिचे वडील गेले तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. तिचे मामा आले, आईच्या अंगावर त्यांनी आणलेलं काळं, आणि आई गल्लीतून खाली गेली. मागे वळून बघायचं नसतं म्हणून तिने बघितलं नाही; तेवढी रीत तिने सांभाळली. पुढे कितीतरी वर्षांनी संत याकोबाच्या जत्रेत आई भेटली. तिने दियानोराला एक नासपती दिली, "मोठी झालीस," म्हणाली, आणि आपली दुसरी पोरं गर्दीत कुठे गेली ते शोधायला लागली. ती वाईट बाई नव्हती. तिला खरंच पोरं सापडत नव्हती.

"भाऊजी," दियानोरा म्हणाली, "बिंदोदादाला निरोप गेला असेल. तो दुपारच्या आत येईल. त्याच्या आधी माझ्या अंगावर तुमचं काळं पाहिजे."

नूतो वाईट माणूस नव्हता. त्याला सगळ्या गोष्टी उद्या करायच्या असत, कारण उद्या त्या स्वस्त होतील अशी त्याची श्रद्धा होती. "आज बाजार नाही," तो म्हणाला. "आजच्या दिवशी दुकानदाराकडे गेलं की तो ओळखतो, घरात मयत झालंय. तोंडाला येईल तो भाव सांगतो. शनिवारी घेऊ. आठ दिवस तर कोण नेतंय तुला?"

"आजच नेतील."

"तुझा भाऊ एवढा रानटी नाही."

"माझा भाऊ रीतीचा आहे," ती म्हणाली. "तेच तर सांगतेय."

"शनिवारी," नूतो म्हणाला आणि डोळे पुसायला आत गेला.

मेओला धुऊन, पांढऱ्यात गुंडाळून खाली दारात चटईवर ठेवलं. बायका वर, पुरुष बाहेर बाकावर. बायकांनी केस सोडले. रडण्याचा आवाज रस्त्यावर जाता कामा नये असा नगराचा हुकूम होता, त्यामुळे खिडक्या लावून घेतल्या आणि मग जरा मोकळेपणाने रडल्या. तेवढ्यात एर्मेलिना आत्या आली. दियानोराला तिनेच वाढवलं होतं. काखेत बोचकं होतं, आणि त्यात काय आहे हे न सोडताच सगळ्या बायकांना कळलं. रडणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"घाल हो, बाळ," आत्या म्हणाली. "बिंदोने चांगलं जाड आणलंय. थंडीत बरं पडेल."

"आत्या, चेकाचं काय?"

"चेकाला आजी आहे. तुला आजी होती का? मीच होते. मेलीस का तू?"

"नाही मेले."

"मग? उगाच डोकं फिरवून घेऊ नकोस. प्रातो गावचा एक जण आहे, धान्याचा व्यापार, पहिली बायको गेलीय. दात सगळे आहेत त्याला."

दियानोराने बोचकं घेतलं, ते चेकाच्या पाळण्यात ठेवलं आणि म्हणाली, "तोंडावर पाणी मारून येते." आत्याला ते पटलं. विधवा बाई तोंड धुवायला गेली तर कोण अडवणार?

मागच्या खोलीतल्या पेटीतून हिरवा झगा काढून ती अंधाऱ्या जिन्याने मागच्या अंगणात उतरली. तिथे मेओचं काळं होतं. कातड्याला द्यायचं काळं. एका लाकडी पिंपात गंजके खिळे, तुटके नाल, कसलं कसलं लोखंड आंबलेल्या द्राक्षारसाच्या शिरक्यात वर्षानुवर्षं भिजत पडलेलं. दुसऱ्यात मायफळं, म्हणजे झाडावरच्या तुरट गाठी, कुटून उकळलेलं पाणी. कातडं आधी मायफळात बुडवायचं, मग लोखंडाच्या पाण्यात, की ते असं काळं होतं की रात्रीलाही लाज वाटावी. हे कातड्याचं झालं. लोकरीला चढेल का, हे तिला माहीत नव्हतं. मेओला विचारायची सोय नव्हती.

तिने हिरवा झगा मायफळाच्या पिंपात दाबला. तो वर आला. पुन्हा दाबला. हवा धरून तो पोटासारखा फुगत होता. तिने बाह्या वर केल्या, दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले आणि झग्याला बुडवत राहिली, जणू कुणाला तरी मारायचंच होतं.

मागून पावलं वाजली. लापा होती. म्हातारीने आपल्या मुलाला सकाळपासून एकटीने धुतलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. तिने पिंपात वाकून बघितलं. लग्नातला झगा ओळखू येत होता अजून.

दियानोरा थांबली. "सासूबाई, ओरडायचं असेल तर ओरडा. पण मी काढणार नाही बाहेर."

लापाने आपल्या बाह्या वर सारल्या. मग कोपऱ्यातली काठी उचलली. "हाताने काय करतेस," ती म्हणाली. "हात राहतील का तुझे? हो बाजूला." आणि ती ढवळायला लागली. म्हातारीचं तोंड भिंतीसारखं कोरं होतं. ढवळता ढवळता एकदाच म्हणाली, "नूतोला शनिवार पाहिजे. त्याच्या जन्माच्या वेळीसुद्धा असाच उशीर केला होता त्याने."

मग झगा लोखंडाच्या पाण्यात गेला. हिरवा आधी शेवाळासारखा झाला, मग चिखलासारखा, मग काळा. सगळीकडे सारखा नाही. पाठीवर एक पट्टा तसाच राहिला, काखेत हिरवट डाग, आणि वास असा की शिळा शिरका आणि भिजलेली बकरी एकाच खोलीत कोंडल्यासारखा. वाळवायला वेळ नव्हता. पुढे दारात पाद्री आला होता, घंटा वाजायला लागली होती. दोघींनी दोन टोकं धरून पिळला. ओला, थंड, घोड्याच्या जीनाएवढा जड झगा दियानोराने डोक्यावरून ओढला. अंगाला चिकटताना तिच्या तोंडून आवाज निघाला. त्यानंतर दिवसभर ती त्या थंडीने एकदाही कण्हली नाही.

ती चर्चमध्ये गेली तेव्हा बायका दोन्ही बाजूंनी सरकल्या. मागे फरशीवर पावलांचे काळे ठसे उमटत गेले. दोन मेणबत्त्या, नगराने ठरवलेल्या तेवढ्याच. पाद्री थोडक्यात म्हणाला जे म्हणायचं ते, बहुधा वासामुळे. मेओला फरशीखाली उतरवला. दियानोरा बघत होती, पण तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं, आणि याची तिला इतकी शरम वाटत होती की तिने नखं तळहातात रुतवली. नवरा पुरला जातोय आणि आपण भाऊ आला का बघतोय. असं काही लोक करत असतील असं तिला वाटलं नव्हतं.

बिंदो आला होता. ती घरी परतली तेव्हा तो बाकाजवळ म्हाताऱ्यांच्या शेजारी उभा होता. टोपी हातात, चेहरा सभ्य. मागे दोन चुलतभाऊ.

"चल, दियानोरा," तो म्हणाला. मायेनेच म्हणाला. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "हे काय घातलंयस?"

"काळं."

"मी पाठवलं ते कुठंय?"

"चेकाच्या पाळण्यात. दादा, तू अकरा वर्षांचा होतास. तुला आठवतं ना आई गेली ते?"

"आठवतं."

"मग?"

"आठवतं म्हणूनच सांगतो," बिंदो म्हणाला. "जगलोच ना आपण? आत्याने केलं. तू लहान होतीस, दोन दिवस रडलीस आणि मग खेळायला लागलीस. तिचंही तसंच होईल."

 रडून कुणी येत नाही म्हणून आपण रडायचं थांबलो, हे त्याला तरी माहीत असेल असं दियानोराला वाटलं होतं.

बिंदोने बाकाकडे बघत आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. "माझ्या बहिणीला तिच्या सासरच्यांनी काळं घातलेलं नाही. हे चिरगूट आहे, कुठूनतरी रंगवलेलं. आमचं कापड घरात पडलंय. मी हिला घेऊन जातो. कुणाचं काही म्हणणं आहे?"

 नूतो जमिनीकडे बघत होता. त्याच्या मनात हिशेब चालला होता हे त्याच्या कानांवरून दिसत होतं: हिला ठेवली तर जन्मभर पोसायची, पाठवली तर हुंडा परत करायचा. या दोन्हीपैकी उद्यावर काय टाकता येईल ते तो शोधत होता. बिंदोने बहिणीचा दंड धरला. ओल्या लोकरीतून काळं पाणी त्याच्या बोटांवर आलं. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. जोर लावला असता तर तिला उचलूनच न्यावं लागलं असतं, आणि तो जोर लावणार होता.

एवढ्यात वरून तेल्दा जिना उतरून आली. ती पेटी बघून आली होती. मयताच्या दिवशी पेटी कशाला बघायची, असं तिला कुणी विचारलं नाही.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, आणि दियानोराकडे बोट केलं. "अहो, बघा जरा. तो हिरवा आहे."

नूतोने मान वर केली. त्याने आधी झग्याचा गळा बघितला, मग बाह्यांवरच्या चांदीच्या गुंड्या, ज्या आता शिशासारख्या दिसत होत्या. त्याला कळलं. सकाळपासून त्याला काही कळलं नव्हतं, भाऊ मेलेलासुद्धा धड नाही, पण हे कळलं.

"आमचा झगा?" तो म्हणाला. "आमच्या घरचा झगा बुडवलास तू त्या पिंपात? पोरीच्या लग्नाला काढून ठेवलेला, आमच्या आजीच्या गुंड्या लावलेला... कुणाला विचारलंस? तुझ्या बापाने आणला होता का?"

"नाही," दियानोरा म्हणाली.

"मग कुणाचा तो?"

"तुमचा, भाऊजी."

"आमचा. आमच्या घरचा. आणि तू तो कातड्यासारखा..."

बाकावरचा म्हातारा पुच्चो, पट्टे करणाऱ्यांच्या पंचांतला, दात नसलेल्या तोंडाने काहीतरी चावत होता. तो थांबला. "नूतो," तो म्हणाला, "परत बोल. मला कमी ऐकू येतं."

"झगा आमच्या घरचा आहे."

"नक्की?"

"सगळ्या गल्लीला माहीतय."

"आणि तो काळा आहे," पुच्चो म्हणाला. "म्हणजे काळाच म्हणायचा, थोडं डोळे मिटून. मग बिंदो, बाबा, सोड तिचा हात. नवऱ्याच्या घरचं काळं अंगावर आहे, थोरल्या दिराने सगळ्यांसमोर सांगितलंय. आता हिला कुणी न्यायची नाही."

नूतोचं तोंड उघडं राहिलं. ते मिटायला बराच वेळ लागला.

बिंदोने हात सोडला. बोटांवरचं काळं त्याने रुमालाने पुसलं, गेलं नाही. तो बहिणीजवळ वाकला आणि हळू बोलला, आता बाकासाठी नाही, तिच्यासाठी. "ऐक. हा तुला शेण काढायला लावेल. ती बाई तुला त्या झग्यासाठी जन्मभर टोचेल. आज नाही आलीस, तर मी परत येणार नाही. आजारी पडलीस, मार खाल्लास, तरी नाही. चारचौघांत माझं नाक कापलंस. कळतंय का तुला?"

"कळतंय, दादा."

"एकदा सांग, येते म्हणून. बाकी मी बघतो."

तिने मान हलवली, नाही म्हणून. बिंदोने टोपी डोक्यावर घातली. मग आत्याला हाक मारली. एर्मेलिना आत्या पाळण्यातलं बोचकं काखेत घेऊन खाली आली. दियानोराच्या समोर आली तेव्हा तिने तिच्या तोंडावरून हात फिरवला, जशी लहानपणी फिरवायची, आणि गल्लीतून खाली गेली. चांगलं जाड कापड होतं. कुणाला तरी लागलंच असतं.

जेवण शेजाऱ्यांनी आणलं होतं, उकडलेले वाटाणे आणि खारा मासा. तेल्दा पहिला घास घ्यायच्या आतच सुरू झाली. "माझी पोर आता काय घालून जाणार लग्नाला? पट्टा?" नूतो म्हणाला, दियानोरा उद्यापासून दुकानाच्या मागच्या खोलीत झोपेल, वरची खोली भाड्याने देता येईल. लापाने त्याच्याकडे बघितलं. "उद्यापासून," तो पुन्हा म्हणाला, थोडं हळू.

दियानोरा जेवली नाही. तिच्या मानेवर, मनगटांवर, छातीवर काळं उतरलं होतं आणि शिरक्याने कातडी सोलल्यासारखी झाली होती. काढून ठेव, आजची रात्र तरी, असं लापा म्हणाली. ती नको म्हणाली. येणार नाही म्हणाला तरी उद्या बिंदो उठेल आणि कुणालातरी घेऊन येईल, विचारेल, कुठाय काळं? वर्षभर काढायचा नाही. ठरलं होतं तिचं.

ती वर गेली. मागोमाग लापाही आली आणि भिंतीपाशी उभी राहिली. चेका खिडकीखाली बसून लाकडी चमच्याने जमीन बडवत होती. दिवसभर तिला तेल्दाच्या मुलीने सांभाळलं होतं. दियानोरा गुडघ्यांवर बसली आणि हात पुढे केले.

चेकाने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या नाकात वास गेला. तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती अशी किंचाळली की खाली बोलणं थांबलं. हातातला चमचा तिने फेकला, तो दियानोराच्या खांद्याला लागला. ती भिंतीला चिकटत चिकटत मागे सरकली, लापाच्या घागऱ्यापर्यंत, आणि त्यात तोंड लपवलं.

"अगं, आई आहे तुझी," लापा म्हणाली.

चेका मान हलवत राहिली.

दियानोरा जागची हलली नाही. पुढे गेली तर पोर आणखी घाबरेल हे तिला कळत होतं. मागे जायला जागा उरली नव्हती. ती तशीच बसून राहिली, दोन्ही काळे हात मांडीवर उताणे ठेवून, आणि मेओ चेकाशी खेळताना म्हणायचा तसं, त्याच्याच चिरक्या सुरात म्हणाली, "चेका, चेका, पट्टा कुठे ठेवलास?"

सूर बापाचा होता, पण आवाज आईचा, ओळखीचा. चेकाने तोंड बाहेर काढलं. ती दियानोराकडे बघत राहिली, मग हळूच आजीचा घागरा सोडला, भिंत धरून सावकाश एक मोठा वळसा घालून दियानोराच्या पाठीमागे गेली, आणि तिच्यामागे वाकून आई कुठे लपली आहे ते शोधायला लागली.